एका पानात तीन हिरवे

परसदारातली केळ रंगवायला बसलेला माणूस बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच चुकतो. हिरव्या रंगाची ट्यूब उघडतो, पाण्यात कालवतो आणि पानाच्या बाह्यरेषेत भरून टाकतो. आकार बरोबर, रंगही हिरवाच, तरी कागदावर उमटतं ते दुकानाच्या दारावरच्या प्लॅस्टिकच्या तोरणातलं पान. मग बोल लावला जातो कागदाला, ब्रशला, नाहीतर हाताला. खरा घोटाळा त्याआधीच झालेला असतो. पान हिरवं असतं हे पक्कं ठाऊक असल्यामुळे समोरच्या पानाकडे बघायचंच राहून जातं.

बागेतून चित्र कसं सुचतं याबद्दल आपल्याकडे फार गूढ बोललं जातं. फुलं पाहिली, मन प्रसन्न झालं, चित्र उमटलं! प्रत्यक्षातली कामाची रीत बरीच रोखठोक आहे आणि ती शिकता येते. खानदेशात तर ती इथल्या उन्हाशी जुळवूनच शिकावी लागते.

आधी प्रश्न, मग पेन्सिल

बागेत एका वेळी शंभर गोष्टी चाललेल्या असतात. चित्रकार त्यातली एकच उचलतो. ती उजेडाची असेल (कडुनिंबाखाली पडलेले कवडसे), आकाराची असेल (भरताच्या वांग्याचा फुगीरपणा आणि त्याची काटेरी टोपी), किंवा लयीची असेल (कढीपत्त्याच्या दांडीवर एकाआड एक आलेली पानं). तिन्ही एकाच चित्रात कोंबली की चित्र रोपवाटिकेच्या जाहिरातीसारखं दिसू लागतं. म्हणून बसण्याआधी वहीच्या कोपऱ्यात एक ओळ लिहावी: आज फक्त शेवग्याच्या पानांमधून दिसणारं आकाश. तारीख, वेळ आणि ऊन कुठून येतंय त्याचा बाण हेही तिथंच. महिन्याभराने ते रेखाटन पुन्हा काढलं तर या तीन नोंदीच उपयोगी पडतात.

निवड करायला एक फुकटचं साधन आहे. जाड पुठ्ठ्यात चार बाय सहा सेंटीमीटरची खिडकी कापायची, एक डोळा मिटायचा आणि तिच्यातून बाग बघायची. पुठ्ठा डोळ्याजवळ आणला की जास्त बाग दिसते, लांब नेला की कमी. कापलेल्या चौकटीत काय उरतं ते बघत हळूहळू फिरवायचा. जिथे थांबावंसं वाटतं तिथे थांबायचं. पुष्कळदा ती जागा अपेक्षेबाहेरची निघते: जास्वंदाच्या फुलापेक्षा त्यामागच्या विटांच्या भिंतीवर पडलेली त्याची सावली.

मग दोन-दोन मिनिटांची पाच रेखाटनं, 2बी पेन्सिलीने, खोडरबर न वापरता. पाचही बिघडली तरी चालतात, कारण ती दाखवायची नसतात. पहिल्या दोनांत आपल्या डोक्यातलं झाड उतरतं, तिसऱ्यापासून समोरचं उतरू लागतं.

पानांचे हिशेब

झाडाला स्वतःचे नियम असतात आणि ते कळले की रेषा आपोआप खरी होते. तुळशीची पानं समोरासमोर जोडीने येतात आणि वरची जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. वरून पाहिलं की अधिकचं चिन्ह दिसतं. कण्हेरीला एकाच पेरावर तीन-तीन पानं. जास्वंदाची पानं एकाआड एक, फांदीभोवती फिरत चढणारी. नवशिक्यांच्या चित्रात मात्र सगळ्याच झाडांना मोराच्या पिसासारखी दोन बाजूंना सपाट पानं असतात. समोर येणारं, टोक आपल्याकडे वळलेलं पान आखूड दिसतं, ते आखूडच काढायला हात धजत नाही.

जास्वंदाच्या पाच पाकळ्याही एकमेकींवर ठरलेल्या रीतीने चढलेल्या असतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली. पाच पत्ते गोलात एकमेकांत अडकवावेत तसं. एखादी पाकळी दोन्ही बाजूंनी वर काढली की फूल काहीतरी खटकतं, पण का ते कळत नाही. मधला पुंकेसरांचा दांडा फुलाच्या मधोमधून निघतो. फूल तिरकं असेल तर तोही तिरका. यासाठी आधी फुलाचा घेर एका लंबवर्तुळात बसवायचा, त्याच्या मध्यातून देठापर्यंत जाणारी अक्षरेषा ओढायची, आणि मगच पाकळ्या. कुंडीचं तोंड काढताना जे आपण करतो तेच. फुलं कायम आपल्याकडे तोंड करून बसलेली असतात असा समज शाळेत पक्का होतो आणि तो मोडायला दहाएक फुलं बाजूने आणि पाठीमागून काढावी लागतात.

केळ आणखी एक गंमत करते. तिच्या पानाच्या मधल्या शिरेपासून काठापर्यंत समांतर शिरा जातात, म्हणून वाऱ्याने पान फाटतं ते या शिरांच्या ओळीनेच. आडव्यातिडव्या फाटक्या रेघा काढल्या की पान कापडाचं वाटतं. शिवाय सकाळी सपाट पसरलेलं पान दुपारच्या तापात मधल्या शिरेवर दुमडतं आणि त्याचे दोन्ही पंख खाली झुकतात, पाणी वाचवण्यासाठी. म्हणजे सकाळी आठला सुरू केलेलं केळीचं चित्र दुपारी एकला पुरं करायला बसलात तर समोर वेगळंच झाड आहे.

इथलं ऊन

पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. बागेत तासभर बसलात तर सावलीची जागा, लांबी आणि कड सगळं बदलतं. यावर उपाय एकच: पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून घ्यायच्या आणि नंतर त्यांच्या मागे धावायचं नाही. अर्धं चित्र सकाळच्या सावलीत आणि अर्धं दुपारच्या सावलीत गेलं की त्यात दोन सूर्य उगवतात.

जळगाव आणि धुळे साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली झाडाच्या बुडाशी गोळा होते. चित्रकाराच्या दृष्टीने ही सर्वात कोरडी वेळ. आकारांना बाजू राहत नाही, सगळं चपटं दिसतं. डिसेंबराच्या शेवटी मात्र दुपारी बारालासुद्धा सूर्य फक्त 45 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी. बागेत बसून काम करायचा खानदेशातला हंगाम म्हणूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेआठ, त्यानंतर रंगही सुकतो आणि माणूसही.

फोटो काढून घरात बसणं वाईट नाही, पण फोटो दोन ठिकाणी हमखास फसवतो. लाल जास्वंदाचा लाल रंग कॅमेऱ्याच्या क्षमतेबाहेर जातो आणि पाकळीवरच्या शिरा पुसल्या जाऊन लाल थापा उरतो. दुसरं म्हणजे झुडपातली सावली काळी पडते. डोळ्याला तिथे निळसर, तपकिरी, हिरवट असे कितीतरी फरक दिसत असतात. फोटो आकारासाठी वापरावा, रंग जागेवर बसून टिपावेत.

तीन हिरवे

आता मुद्द्याचं. उन्हात डोलणाऱ्या एकाच केळीच्या पानावर तीन वेगळे उजेड काम करत असतात.

पहिला उजेड पानाच्या अंगचा. ऊन पानावर पडतं, हरितद्रव्य त्यातला तांबडा आणि निळा भाग बराचसा शोषतं, हिरवा परत येतो. हा मधला, थोडा मातकट हिरवा. दुसरा उजेड आभाळाचा. पानाचा वरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, आरशासारखं आकाश त्यात पडतं. जिथे पान वळून आकाशाकडे तोंड करतं तिथे ते हिरवं दिसतच नाही, निळसर राखाडी किंवा जवळजवळ पांढरं दिसतं. तिसरा उजेड आरपार येणारा. सूर्य पानामागे असेल तर पान दिव्याच्या काचेसारखं पेटतं आणि पिवळ्याकडे झुकतं. त्यावर दुसऱ्या पानाची सावली पडली की सावलीची कड अगदी धारदार दिसते.

ट्यूबमधला हिरवा यातला एकही नाही, म्हणून तो प्लॅस्टिकचा वाटतो.

हे तिन्ही मिसळायला चार रंग पुरतात: लेमन यलो, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). दोन निळे का? अल्ट्रामरीन थोडा जांभळ्याकडे झुकतो, म्हणजे तो निळ्याबरोबर थोडा तांबडाही परत पाठवतो. पिवळ्यात मिसळला की तो तांबडा हिरव्याला मारतो आणि शांत, मातीतला हिरवा मिळतो. थॅलो ब्लू हिरव्याकडे झुकलेला असल्यामुळे त्याचा हिरवा झगझगीत निघतो. अंगच्या रंगासाठी दोन भाग लेमन यलो, एक भाग अल्ट्रामरीन आणि ब्रशच्या टोकाला येईल एवढा बर्न्ट सिएना. आरपार उजेडासाठी लेमन यलोच्या दहा भागांना थॅलोचा एक भागही जास्त होतो. तो फार जोरकस रंग आहे, पिवळ्यात तो टोकाने टेकवायचा, निळ्यात पिवळा ओतत बसलात तर अर्धी ट्यूब जाते. आभाळाच्या उजेडासाठी भरपूर पाण्यात अल्ट्रामरीन आणि नावाला बर्न्ट सिएना. झाडाच्या पोटातल्या खोल अंधारासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना निम्मे निम्मे, वर पिवळ्याचा एक थेंब.

काळा रंग डब्यातून फेकून द्या असं पुष्कळ शिक्षक सांगतात. तेवढं टोकाला जायची गरज नाही. लेमन यलोत किंचित काळा घातला की जुनाट शेवाळी हिरवा मिळतो, जो पावसाळ्यातल्या ओट्यासाठी दुसऱ्या कशानेही इतका नेमका येत नाही.

जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जायचं असतं, त्यामुळे क्रमाला महत्त्व आहे. आधी पानाच्या चमकणाऱ्या जागा कोऱ्या सोडून सगळीकडे आरपार उजेडाचा पिवळट हात. तो पूर्ण वाळला की, बोटाच्या पाठीला गार लागेनासा झाला की, अंगचा हिरवा. पण जिथे ऊन आरपार येतंय तिथे नाही. मग कोऱ्या जागांवर निळसर पातळ हात. शेवटी पानांमधल्या फटी गडद. पिवळट हात राहून गेला आणि नंतर गडद हिरव्यावर पिवळा चढवायचा प्रयत्न केला तर चिखल होतो, कारण जलरंगातला पिवळा पारदर्शक असतो, खालचं झाकत नाही.

घनदाट झाडात सगळी पानं काढायची नसतात. डोळे बारीक करून बघितलं की पानांचे झुबके होतात: एक उजळ, एक मध्यम, एक गडद. झुबके रंगवायचे आणि कडेची दहा-बारा पानं नीट काढायची, बाकीची बघणारा स्वतः भरून घेतो. पानांच्या फटीतून दिसणारं आकाश बाहेरच्या आकाशापेक्षा थोडं गडद ठेवायचं. डोळ्याला तसंच दिसतं. तेवढंच उजळ ठेवलं तर झाडावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं दिसतं.

तपासायची सोपी रीत म्हणजे मोबाईलवर चित्राचा फोटो काढून तो काळापांढरा करायचा. सगळं एकाच राखाडीत गेलं असेल तर हिरव्यांमध्ये कितीही फरक असला तरी चित्र सपाट आहे. रंगाची चूक माफ होते, उजेड-अंधाराची होत नाही.

कोरडी हवा, ओला कागद

एप्रिल-मेमध्ये इथे पारा 42-45 पर्यंत जातो आणि हवेत ओल नसते. पाण्याचा हात मारून दुसरा फटकारा आणेपर्यंत पहिल्याची कड वाळून रेघ धरते. त्या अर्धवट वाळलेल्या जागेवर पुन्हा ओला ब्रश टेकवला की पाणी आतला रंग ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. हातात दोष नसतो, पाण्याचा हिशेब चुकलेला असतो.

उपाय तीन. रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवायचा, म्हणजे मध्येच थांबावं लागत नाही. 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, जाड) कापसाचा कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर किंवा ॲक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवायचा. खालून ओल मिळत राहते. आणि ब्रश मोठा घ्यायचा. काहीजण रंगाच्या पाण्यात कपाला दोन-तीन थेंब ग्लिसरीन घालतात. उन्हाळ्यात ते चालतं, पण हात सैल सुटला तर जुलैत तेच चित्र चिकट होतं आणि वर ठेवलेला कागद त्याला धरून बसतो.

पावसाळ्यात उलट त्रास. ओल धरलेल्या कागदावरची खळ (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) मरते आणि रंग टिपकागदावर पडल्यासारखा जागोजागी शोषला जातो. असा कागद बघून कळत नाही, रंग लावल्यावरच कळतं. कोरे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, भिंतीपासून लांब.

उजेडाची वाट आणि नक्षीची वाट

अभ्यासाची वीस-पंचवीस रेखाटनं झाली की चित्रकार दोनपैकी एका वाटेला लागतो. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार उजेडाच्या वाटेने गेला. 1883 मध्ये तो जिव्हर्नी गावात राहायला गेला, 1893 मध्ये शेजारची जागा घेऊन तिथे कमळांचं तळं केलं, आणि पुढे त्या एका तळ्याची सुमारे अडीचशे चित्रं काढली. एका वेळी अनेक कॅनव्हास मांडून उजेड बदलला की तो कॅनव्हास बदलायचा. वर सांगितलेल्या सावलीच्या अडचणीवर हा दुसरा उपाय झाला, फक्त खर्चिक.

दुसरी वाट जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याला बघायला मिळते. क्रमांक 2 च्या लेण्यात मान वर करून छत बघा. कमळं, वेली, फळं चौकटीचौकटीत बसवलेली. इथल्या कलाकाराने पानावरचा उजेड सोडून दिला आहे आणि वळण, जाडी, फिरून येणारी लय तेवढी ठेवली आहे. आणि रंग? हिरव्यासाठी वापरलेली हिरवी माती मुळात मंद, राखाडीकडे झुकणारी. गेरू, पिवळी माती, काजळी आणि पांढऱ्याच्या शेजारी ती बसते म्हणून हिरवी दिसते. निळा लाजवर्द दगडाचा. आज ट्यूबमधून मिळणारा अल्ट्रामरीन कारखान्यात बनतो, पण मूळ रंगद्रव्य तेच. झगझगीत हिरव्यावाचून सबंध बाग छतावर उभी राहू शकते, याचा यापेक्षा जवळचा पुरावा खानदेशातल्या माणसाला मिळायचा नाही.

नक्षीच्या वाटेने जायचं तर एकाच झाडाची दहा पानं काढायची, दहांत सारखं काय ते शोधायचं आणि तेवढंच ठेवायचं. मग झाडाकडे पाठ करून ते आठवणीतून पुन्हा काढायचं. आठवणीत जे टिकलं तोच आकार. वेल फिरवताना दुसरी ओळ अर्ध्या घराने (नक्षीच्या एका तुकड्याच्या निम्म्याने) सरकवली की नजर आडव्या पट्ट्यांत अडकत नाही.

उजेडाच्या वाटेने केळीची बाग काढायची तर अडचण निराळी. रोपं साधारण पाच-पाच फुटांवर, सरळ ओळीत. सगळी खोडं उभी, सगळी पानं कमानीसारखी. जसंच्या तसं काढलं की कुंपण होतं. इथे बागेतच तोड सापडते: घडाला टेकू दिलेला तिरपा बांबू, खोडाला लटकलेली वाळकी तपकिरी पानं, निसवलेल्या झाडाचं जांभळट केळफूल, जमिनीवर पडलेला ओला कवडसा. यातली एक गोष्ट पुढे आणायची, दुसरी लांब ठेवायची आणि तिसरी सोडून द्यायची. वाळक्या पानाचा तपकिरी हा हिरव्याच्या अंगातच थोडा मिसळलेला असतो (तोच बर्न्ट सिएना), म्हणून तो शेजारी आला की दोघंही खुलतात.

फुलांचाच रंग

शेवटी एक हौस, जिच्यात पडण्याआधी माहिती असलेली बरी. लाल जास्वंदाच्या दहा-बारा पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात पाव तास ठेवल्या की जांभळट शाई मिळते. लिंबाचे थेंब घातले की ती गुलाबी-लाल होते, चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की हिरवट. गोकर्णाची निळी शाईही लिंबाने जांभळी होते. पारिजातकाच्या केशरी देठांपासून आणि फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याला फुलणाऱ्या पळसापासून पिवळा-केशरी निघतो. पळसाची फुलं मंद आचेवर अर्धा तास उकळावी लागतात. गाळून त्यात अर्धा चमचा विरघळलेला डिंक घातला की ब्रशवर रंग धरतो, लवंगेच्या तेलाचा एक थेंब बुरशी रोखतो. तुरटीने छटा थोडी पक्की होते.

पण पक्की म्हणजे किती? कागदाच्या एका पट्टीवर सगळ्या शाया ओढा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीला महिनाभर चिकटवून ठेवा. कागद काढल्यावर उघड्या बाजूचं जास्वंद तपकिरी झालेलं असेल, हळद लावली असेल तर ती जवळजवळ उडालेली. शेजारी अल्ट्रामरीनची एक रेघ ओढून ठेवलीत तर ती दोन्हीकडे सारखीच निळी असेल. फुलांच्या शाईची चित्रं म्हणून भिंतीवर लावत नाहीत, वहीत मिटून ठेवतात.